सगली गानी मारून दे

‘दुरुस्ती’ या शब्दातला रु ऱ्हस्व असतो. ही गोष्ट डोंबिवलीतल्या एकाही पेंटरला मान्य नाही. आमच्या पेंटरनं बोर्ड रंगवून आणला तेव्हा त्यावरचा रु दीर्घ होता. मी बोर्ड परत पाठवला, तर तो म्हणाला, "काका, फोन बिघडलेला माणूस ऱ्हस्व-दीर्घ बघायला थांबत नाय." मी त्याच्याकडे तुच्छतेनं पाहिलं. वागळे इस्टेटमधल्या कंपनीत मोजमापाची यंत्रं दुरुस्त करण्यात माझी हयात गेली. निवृत्त झाल्यावर मी घराच्या खिडकीत लोकांचे फोन आणि गाणी वाजवायचे डबे दुरुस्त करायला बसणार होतो, आणि त्याची सुरुवात अशुद्ध बोर्डानं करायची माझी मुळीच तयारी नव्हती. शेवटी रु ऱ्हस्व झाला आणि खिडकीवर बोर्ड लागला: ‘भ्रमणध्वनी व ध्वनियंत्र दुरुस्ती केंद्र’.

पहिलं गिऱ्हाईक आलं ते विचारायला लागलं, "अष्टविनायकाला एसी गाडी आहे का?" त्यांनी फक्त ‘भ्रमण’ वाचलं होतं. नंतर आठवडाभर जे आले ते सगळे प्रवासाला निघालेले. एक बाई तर गिरनारसाठी तीन नावं लिहून घ्या म्हणून हटूनच बसल्या. क्षिप्रा, म्हणजे आमची मुलगी, म्हणाली, "बाबा, प्लीज, ‘मोबाईल रिपेअरिंग’ लिहा ना. सगळं जग तेच लिहितं." सगळं जग ‘दुरूस्ती’पण लिहितं, असं मी तिला ऐकवलं. ती कपाळाला हात लावून ऑफिसला निघून गेली.

दुसऱ्या मजल्यावरचे भाऊ गद्रे आमच्या सोसायटीचे सेक्रेटरी. त्यांनी खाली येऊन बोर्ड न्याहाळला आणि सल्ला दिला, "मोठा करा हो. रस्त्यावरून दिसला पाहिजे." मी मोठा केला. चार दिवसांनी मला सोसायटीची नोटीस आली, की दर्शनी भिंतीवर विनापरवानगी मोठा बोर्ड लावल्याबद्दल आपणांवर कारवाई का करू नये. खाली सही भाऊंचीच. मी जाब विचारायला गेलो, तर म्हणाले, "तो सल्ला मी शेजारी म्हणून दिला होता." सल्ला देणारे भाऊ आणि नोटीस पाठवणारे सेक्रेटरी ही दोन वेगळी माणसं आहेत असं ते मनापासून मानतात, आणि एकाच्या उद्योगाबद्दल दुसऱ्याला दोष दिलेला त्यांना खपत नाही.

परवानगी आणायला गेलो, तर परवान्याच्या टेबलावरचे साहेब म्हणाले, "दुकान की घर?" मी म्हणालो, "घराची खिडकी." ते म्हणाले, "खिडकीचा कॉलम नाही. तुम्ही बसता कुठे?" मी म्हणालो, आत. "गिऱ्हाईक?" बाहेर. "मग धंदा नेमका कुठे होतो?" आता खरं सांगायचं तर धंदा ग्रिलमध्ये होत होता. मी तसं सांगितलं. त्यांनी माझ्याकडे बराच वेळ पाहिलं आणि जेवायला उठून गेले. ते अजून परत आले असतील तर मला माहीत नाही, कारण नंतर मी गेलो नाही.

घरातही फार सुख होतं असं नाही. माणसं पाण्यात पडलेले फोन आणायची. कुठल्या पाण्यात, हे कोणी सांगायचं नाही, आणि मीही सभ्यपणे विचारायचो नाही. असा फोन तांदळात पुरून ठेवला की ओल शोषली जाते, म्हणून मी तो नीलाच्या तांदळाच्या डब्यात पुरायचो. नीला म्हणजे माझी पत्नी. लग्नापासून तिनं माझं सगळं निमूटपणे सोसलं होतं. पण एकदा ती भातासाठी वाटी घालायला गेली आणि डब्यातून कुणाच्या तरी सासूबाईंचा फोन वाजला, तेव्हा तिचा बांध फुटला. त्याच संध्याकाळी आमच्याकडे जेवायला आलेल्या भाऊंच्या पानात भाताबरोबर सिमकार्ड गेलं. सेक्रेटरी म्हणून त्यांनी लगेच नोटीस काढली नाही, एवढेच उपकार.

पण हे सगळं किरकोळ. माझं जे वाटोळं झालं ते रघुशेटच्या डब्यामुळे.

आमची सोसायटी जिथे उभी आहे तिथे पूर्वी भातशेती होती आणि खाडीच्या अंगाला मिठागर. सगळं रघुशेटच्या आजोबांचं. बिल्डर इमारत बांधून परागंदा झाला आणि जमीन काही सोसायटीच्या नावावर झालीच नाही. त्या कागदावर रघुशेटची सही हवी. ती मिळावी म्हणून भाऊ गेली कित्येक वर्षं रघुशेटच्या घरच्या प्रत्येक बारशाला आणि साखरपुड्याला नवा शर्ट घालून हजर असतात. रघुशेट माणूस मोकळा. भेटले की भाऊंच्या खांद्यावर हात टाकून म्हणतात, "करू ना, सेक्रेटरी. आता हे एवढं कार्य होऊ द्या." आणि त्यांच्या घरात कुठलं ना कुठलं कार्य कायम असतंच.

तर असे रघुशेट एके दिवशी गाडी चालू ठेवूनच खिडकीशी आले. हातात पिशवी. "काका, हा डबा बघा जरा. मधीच आवाज जातो. ऋतिकाचं लग्न आलंय ना, त्याला पायजे. आत कार्ड पण टाकलंय हां," असं म्हणून गेले. ऋतिका त्यांची मुलगी. पिशवीत हातात मावेल असा गाण्यांचा डबा होता, आणि लाल मखमली लग्नपत्रिका. मला भरून आलं. खिडकीत बसणाऱ्या माणसाला एवढ्या मोठ्या घरातून कार्ड! मी पत्रिका उघडली नाही. उघडल्यावर कोपरे मुडपतात. नीला बघेल म्हणून ती टीव्हीवर उभी करून ठेवली.

त्या डब्यात काय होतं ते मला तेव्हा कोणी सांगितलं नाही. तुम्हाला आधीच सांगून ठेवतो, नाहीतर माझ्यावर काय ओढवलं ते तुमच्या लक्षात यायचं नाही. रघुशेटच्या आई कमळाबाई या धवलारीण. त्यांच्या समाजात लग्न लागताना धवलारीण धवले गाते. हळदीचे, मांडवाचे, वरातीचे, प्रत्येक विधीचे धवले वेगळे. ते कुठेही लिहिलेले नाहीत, फक्त गाणारीच्या तोंडी. कमळाबाई आता थकल्या. म्हणून थोरल्या मुलाच्या, नयनच्या लग्नात रघुशेटनी ते सगळे फोनवर रेकॉर्ड करून या डब्यात भरले. ज्या फोनवर रेकॉर्ड केले तो पुढच्याच गणपतीत विसर्जनाच्या गडबडीत खाडीत गेला. म्हणजे कमळाबाईंचे धवले जगात एकाच जागी होते, आणि ती जागा आता माझ्या टेबलावर होती.

दुसऱ्या दिवशी दुपारी खिडकीशी एक वृद्ध बाई येऊन उभ्या राहिल्या. गुडघ्यापर्यंत घट्ट नेसलेलं लुगडं, कानात सोनं, आणि चालत आल्यामुळे लागलेली धाप.

"रघ्याचा डबा तुज्याकरं हाय?"

"आहे. आपण कोण?"

"मी त्याची आयस. चालू झाला कं?"

"एक तार सुटली होती, ती जोडतोय. उद्या देतो."

त्यांनी ग्रिलमधून डब्याकडे बघितलं. बराच वेळ बघितलं. मग म्हणाल्या, "त्याच्यान गानी हायत ना, ती सगली मारून दे."

"सगळी?"

"सगली. यक पन सोरू नको."

"रघुशेटना एकदा विचारून घेऊ का?"

"गानी माजी हायत कं रघ्याची?" असं म्हणून त्या वळल्या आणि निघून गेल्या.

आता मी मराठी शाळेत शिकलेला माणूस. आमच्या शाळेत डास मारत, माशा मारत, आणि गुरुजी मुलांना मारत. मारलेली वस्तू मागे राहत नाही असा माझा भाबडा समज. गिऱ्हाईक म्हणालं सगळी मारून दे, एकही सोडू नको. सूचना इतकी स्वच्छ होती की मला बाईंचं कौतुकच वाटलं. नाहीतर आमची गिऱ्हाईकं! "फोन बिघडलाय" यापलीकडे त्यांना एक वाक्य बोलता येत नाही.

तार जोडली आणि आवाज नीट येतो का ते बघायला एक गाणं लावलं. बाईचा आवाज. वाद्य नाही, काही नाही, नुसता उंच, खणखणीत आवाज, आणि मागे पोरांचा गलका. शब्द मला कळले नाहीत, पण हात थांबला. स्वयंपाकघरातून नीला बाहेर आली आणि म्हणाली, "कोण हो? काय गातेय बाई!" मलाही क्षणभर वाईट वाटलं. पण गिऱ्हाईकाची सूचना म्हणजे सूचना, ही कंपनीतली शिस्त. मी सगळी मारली. कुठे एखादं राहू नये म्हणून डब्याची मेमरी आतून कोरी करकरीत केली.

इथेच थांबलो असतो तरी चाललं असतं. पण लग्नघरी रिकामा डबा कसा द्यायचा, असं माझ्या मनात आलं. प्रेमानं पत्रिका दिलेली माणसं! म्हणून मी माझ्या संग्रहातलं निवडक नाट्यसंगीत त्यात भरलं. तरी जागा उरली. मग एका व्याख्यानमालेतली, मी स्वतः पुढच्या रांगेत बसून रेकॉर्ड केलेली, ‘शुद्धलेखन: एक संस्कार’ ही भाषणमाला भरली. डबा काठोकाठ भरून रघुशेटच्या ड्रायव्हरच्या हाती दिला. त्या दिवशी मी फार समाधानात होतो. तसं समाधान त्यानंतर माझ्या वाट्याला आलेलं नाही.

संध्याकाळी रघुशेटचा फोन आला.

"काका, डब्यात काय भरलंय तुम्ही?"

"आवडलं का?" मी विचारलं. खरंच विचारलं. आठवलं की अजून जीभ चावावीशी वाटते.

झालं होतं असं. मांडवाचा साउंड तपासायला गावातल्या बायका जमल्या होत्या. डबा मोठ्या स्पीकरला जोडला, सगळ्यांनी पदर सावरले, आणि साऱ्या गावावर एक गंभीर आवाज घुमला, "मराठीत शब्दाच्या शेवटी येणारा इकार आणि उकार दीर्घ लिहावा." एका आजीबाईंनी नवा मंत्र असेल म्हणून हात जोडले. धवले कुठे गेले म्हणून पुढचं लावलं, तर त्यात अनुस्वार. ऋतिका रडत घरात पळाली.

"पण तुमच्या मातोश्रीच म्हणाल्या, सगळी मारून दे!" मी ओरडलो.

रघुशेट लहान मुलाला सांगावं तसं म्हणाले, "काका, मारून दे म्हणजे कॉपी मारून दे. दुसऱ्या कार्डात. कार्ड कशाला दिलेलं मी तुम्हाला?"

मी टीव्हीवरची पत्रिका उघडली. आत, गणपतीच्या चित्राच्या पाठीमागे, नखाएवढं मेमरी कार्ड चिकटपट्टीनं चिकटवलेलं होतं.

क्षिप्रा ऑफिसमधून आल्यावर तिनं माझी शिकवणीच घेतली. "बाबा, झेरॉक्स मारतात, तेव्हा कागद मरतो का? रिचार्ज मारतात. मिस्ड कॉल मारतात. राऊंड मारतात. गाणी मारतात म्हणजे भरतात! शाळेतल्या पोरांनाही माहितीये हे."

"भाषेचा खून आहे हा," मी म्हणालो.

"हो का? त्या बाईंच्या गाण्यांचा कोणी केला मग?"

नीला आतून म्हणाली, "मी म्हटलं होतं हो, काय गातेय बाई." तिचा सूर रागाचा असता तरी चाललं असतं. तो रडवेला होता, आणि त्यानं माझा उरलासुरला धीर गेला.

भाऊ तर जिन्यातूनच ओरडत आले. "तुम्ही त्यांच्या आईचा आवाज पुसलात? आईचा? अहो, आता कसली सही आणि कसलं काय! तुमच्या एका खिडकीपायी बेचाळीस कुटुंबांच्या पायाखालची जमीन गेली." मग शेजारी म्हणून त्यांनी पाणी मागितलं, खुर्चीत बसले आणि म्हणाले, "पुसलेलं परत काढतात म्हणे. ठाण्याला, खोपटला, एस.टी. डेपोच्या मागे एकजण आहे. चला, मी गाडी काढतो."

भाऊंनी गाडी काढली, आणि ती शीळफाट्यावरून घेतली. का, तर तिकडून रस्ता मोकळा असतो असं त्यांना कोणीतरी सांगितलं होतं. शीळफाट्याला कंटेनरच्या भिंतीत आम्ही अडकलो, आणि भाऊ मला सल्ले देऊ लागले. खिडकी बंद करा. विपश्यनेला जा. रघुशेटच्या पाया पडा. पाया पडताना चष्मा काढून ठेवा, फुटतो. मधूनच ते सेक्रेटरी होत आणि म्हणत, "याची जबाबदारी सोसायटी घेणार नाही, हे मिनिट्समध्ये येईल." मी मांडीवर डबा धरून बसलो होतो. पुढच्या ट्रकवर ‘हॉर्न प्लीज’ लिहिलं होतं आणि मला मोठ्यानं रडावंसं वाटत होतं.

खोपटच्या माणसानं डब्याच्या आतलं कार्ड काढून मशीनला लावलं आणि विचारलं, "पुसल्यावर वर काही भरलं का?"

"नाट्यसंगीत," मी म्हणालो. "आणि शुद्धलेखन."

"किती?"

"काठोकाठ."

त्यानं माझ्याकडे जे बघितलं ते डॉक्टर नातेवाइकांकडे बघतात तसं होतं. रिकामं कार्ड असतं तर सगळं परत आलं असतं, म्हणाला. वर दुसरं भरलं की खालचं संपलं. माझ्या चांगुलपणानंच घात केला होता. तरी त्यानं खटपट केली, आणि शेवटी एक तुकडा हाती लागला. आम्ही तिघं कानात प्राण आणून वाकलो. खोकला. भांड्याचा आवाज. मग कमळाबाई स्पष्ट म्हणाल्या, "आता बंद कर रं ते, रघ्या." संपलं.

तो तुकडा फोनवर घेऊन आम्ही रघुशेटच्या घरी गेलो. दारात मांडव, घरात पाहुणे, आणि सगळ्यांना मी कोण ते माहीत. एक मुलगा दुसऱ्याला म्हणाला, "हेच ते, दीर्घवाले." रघुशेटनी तुकडा ऐकला आणि फोन बाजूला ठेवला. माणूस एवढा मोठा, पण डोळे भरले होते. शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं. म्हणाले, "काका, आईचा आवाज होता हो तो. ती उद्या नसली तर आम्ही काय ऐकायचं?" भाऊंनी मला कोपरानं ढोसलं, मी चष्मा काढला आणि वाकलो, तर त्यांनी मला वरच्यावर धरलं. पाया पडायचीही सोय राहिली नाही.

तेवढ्यात ऋतिका बाहेर आली. डोळे सुजलेले. "पप्पा, आजी आहे ना घरात? मग आजीलाच बोलवा ना धवल्यांना."

"तिला झेपनार नाय, बाय. दोन पायऱ्या चढली तर दम लागतो."

"मग मला धवल्याशिवाय लग्न नकोय."

कमळाबाई कोपऱ्यात तांदूळ निवडत होत्या. त्यांनी मान वर केली नाही. रघुशेट त्यांच्यापुढे जाऊन बसले. "आये, गाशील कं?" कमळाबाईंनी एक खडा काढून टाकला. "डबा कुठं गेला तुजा?" त्यांनी विचारलं. मग सूनबाई आल्या, जावा आल्या, शेजारच्या बायका आल्या. सगळ्यांनी विनवण्या केल्या. कमळाबाई म्हणाल्या, "बघू." पाऊण तास त्या नुसतं ‘बघू’ म्हणत होत्या, आणि त्या प्रत्येक ‘बघू’ला मी जमिनीत थोडा थोडा खाली जात होतो.

लग्नाला मला जायचं नव्हतं. पण भाऊ म्हणाले, न जाणं म्हणजे गुन्हा कबूल करणं. नीला म्हणाली, जाऊन निदान मान खाली घालून बसा. मी तेच केलं. मांडवात कमळाबाईंना पाटावर बसवलं आणि पुढे माईक धरला. त्यांनी तो हातानं बाजूला सारला.

त्या गायल्या. मी डब्यातला आवाज ऐकलेला माणूस होतो, त्यामुळे तिथे सगळ्यात जास्त हाल माझे झाले. तो खणखणीत आवाज आता नव्हता. सूर चढताना फाटत होता, मधेच दम संपत होता. एकदा तर त्या ओळ विसरून नुसत्याच बसल्या. सगळा मांडव थांबला. मला वाटलं, उठून पळून जावं, दिवा स्टेशनजवळ बहिणीकडे जाऊन राहावं, पुन्हा डोंबिवलीत तोंड दाखवू नये. मग मागून कुणा बाईनं ती ओळ हळूच उचलली. कमळाबाईंनी मान डोलावली आणि पुढे निघाल्या. मग दुसरीनं उचलली. फोटोग्राफर म्हणाला, "आजी, एक मिनिट थांबा, अँगल घेतो." कमळाबाई थांबल्या नाहीत. केटरर घड्याळ दाखवून गेला. भटजी दोनदा खाकरले. डबा असता तर बटण दाबून गप्प करता आला असता. यांना गप्प करायची कोणाची टाप नव्हती. अर्ध्या तासाचं काम दोन तास चाललं, जेवणं थंड झाली, आणि ऋतिका नवऱ्याकडे न बघता सगळा वेळ आजीकडे बघत होती.

जेवणाच्या रांगेत एका पोरानं येऊन सांगितलं, आजी बोलवतेय. मी ताट ठेवलं. म्हटलं, आता जे काही असेल ते एकदाचं होऊन जाऊ दे. कमळाबाई मांडवाच्या मागे खाटेवर पाय पसरून बसल्या होत्या. घामानं चिंब.

"काय रं, घाबारलास?"

"आजी, मला क्षमा करा. मला शब्द कळला नाही. तुम्ही मारून दे म्हणालात, आणि मी..."

"तू काय केलास?"

"मारली."

"मंग? मी दुसरा काय सांगतला व्हता?"

मी चष्मा पुसून पुन्हा लावला.

"मार म्हंजे मारच बोलले मी," कमळाबाई म्हणाल्या. "गावान लगीन निघाला का डबा नेतात. मना कोन इचारतं? मी घरान बसते आनि माजाच आवाज मांडवातून आयकते. जित्या मानसाला डब्यान घातला, जल्ला मेला! रघ्याला सांगू कसा? तो प्रेमान करतं. नातीचा लगीन, आनि तिथं पन डबा गानार? मंग म्हटला, डबावाल्यालाच सांगू." त्या हसल्या, आणि हसता हसता खोकल्या. "सगल्या गावान तुला यकट्यालाच माजा बोलना नीट समाजला."

मला काय वाटलं ते सांगता येत नाही. माझी मुलगी, माझा सेक्रेटरी, रघुशेट, गावातली लहान पोरं, सगळ्यांनी मला मराठी शिकवली होती. आणि मी बरोबर होतो! मारणे म्हणजे मारणे! शीळफाट्याच्या त्या ट्रकवर चढून ओरडून सांगावं असं मला झालं. मी तसाच वळलो, रघुशेटला शोधायला.

मनगट धरलं गेलं. त्या वयात त्या हातात तेवढा जोर कुठून आला कोण जाणे.

"रघ्याला सांगशील त बग. त्याला वाटल, आईला आपला करना आवारला नाय. रडल तो. कोनाला सांगू नको. तुज्या घरान पन नाय. नाय त ती खिरकी लावीन तुजी."

(आता हे छापून येतंय खरं. पण आपण सात-बारा सोडून काही वाचत नाही, असं रघुशेट स्वतःच अभिमानानं सांगतात. आणि नीलानं हे वाचलं, तर शेवट मी मनानं रचला असंच ती म्हणणार आहे.)

मी रांगेत परत आलो. माझं ताट कोणी तरी उचललं होतं. तिथे रघुशेट, भाऊ, नीला, क्षिप्रा, सोसायटीची अर्धी माणसं, सगळी उभी होती. रघुशेट आज खुशीत होते. सगळ्यांदेखत त्यांनी माझ्या खांद्यावर हात टाकला. "जाऊ द्या, काका. मनाला लावून घेऊ नका. आई गायली, देवानं निभावून नेलं. पण एक सांगतो, राग नका मानू. आता वय झालं तुमचं. लोक काय बोलतात ते कळत नसेल तर दुसऱ्याच्या वस्तूला हात नाय लावायचा."

"अगदी खरं," भाऊ म्हणाले. "आणि त्या सहीचं..."

"करू ना, सेक्रेटरी. नयनच्या पोराचं जावळ होऊ द्या."

क्षिप्रानं माझी बाही ओढली आणि हळूच म्हणाली, "बाबा, सॉरी म्हणा ना. एवढे चांगले वागतायत ते."

मांडवाच्या कनातीआडून कमळाबाई माझ्याकडे बघत होत्या. मी रघुशेटपुढे हात जोडले आणि म्हणालो, "चुकलो हो. मला मराठी समजली नाही."